लखलखीत खंजीर

जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये जन्मभर पात्यांना धार लावलेल्या डेटलेफनं कधी ‘फसलो’ म्हटलं नव्हतं. कैसर बादशहाच्या आरमारातले जुने खंजीर तो जमवायचा आणि पात्यावरचा काळपटपणा जिवापाड जपायचा, कारण जुनेपणाची खूण तीच.

वाढदिवसाला मित्र विलफ्रीड भिंग घेऊन आला. डेटलेफनं लाडका खंजीर म्यानातून काढला, तर पातं आरशासारखं!

“अरे, हा तर कालचा माल! गंडवलं की तुला, म्हाताऱ्या!” विलफ्रीड खिदळला.

डेटलेफ उसळणार, इतक्यात बायको गेरलिंडे केक घेऊन आली. बोटं पॉलिशनं काळी, चेहरा फुललेला. “खास आजच्यासाठी घासला हं!” ती त्याच्या कानात कुजबुजली.

डेटलेफनं तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. “हो रे, फसलो,” म्हणत त्यानं त्याच खंजिरानं केक कापला.