भिंतीकडे तोंड केलेलं मेज

आमच्या घरात बारा वर्षं एक मेज होतं आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. मेजाला तोंड कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे.

आम्ही जबलपूरच्या गढा भागातले मराठी ख्रिस्ती. माझे यजमान इथल्या सरकारी फॅक्टरीत होते. अमरावती, अकोला, नगर अशा ठिकाणांहून फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत नोकरीला आलेल्या घरांची आमची छोटीशी मंडळी होती, आणि गढ्यातच कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं आमचं देऊळ. आमच्यात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. इथं रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो भलतीकडे नेऊन सोडतो, म्हणून घरात देऊळ आणि रस्त्यावर चर्च.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही आलं ते शास्त्र वाचून, पाळकांचे उपदेश ऐकून आणि भगिनी मंडळात बडबड करून. मी बोलायला उभी राहणार म्हटलं की आमच्या बाया स्वयंपाक आटोपूनच येतात, कारण मी लवकर खाली बसत नाही.

तर एका वर्षी देवळाच्या आढ्याला वाळवी लागलेली दिसली. तेव्हाचे पाळक म्हणाले, छप्पर कोणाच्या डोक्यावर यायच्या आत देऊळ बंद करा. चार महिन्यांचं काम होतं. तेवढ्यापुरतं सामान घरोघरी वाटलं. घंटा एका घरी, पेटी एका घरी, ज्यांच्याकडे ओसरी त्यांच्याकडे बाकं. प्रभूभोजनाचं मेज, ज्यावर भाकर आणि द्राक्षारस मांडतात ते, आमच्याकडे आलं, कारण आमची पुढची खोली मोठी. यजमानांनी ते ठेल्यावर दोरीनं बांधलं आणि घरापर्यंत त्याला हात लावून पायी चालत आले.

सागवानी, जड मेज. पुढच्या पट्टीवर अक्षरं खोदलेली, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’, प्रभूभोजनाच्या वेळी पाळक म्हणतात तीच. पहिले दोन महिने आम्ही त्यावर पांढरी चादर घालून ठेवली. मग नागपूरचे पाहुणे आले, बसायला जागा पुरेना, म्हटलं आजच्या दिवस याच्यावर जेवू. तो आजचा दिवस काही संपला नाही. पण ताटं मांडताना ती अक्षरं समोर यायची आणि माझा घास अडकायचा. तेव्हा मीच म्हटलं, हे जरा फिरवून ठेवा. यजमानांनी ते फिरवलं. अक्षरं भिंतीकडे गेली आणि मला जेवण जाऊ लागलं.

चार महिन्यांची बारा वर्षं कशी झाली, हे कोणालाही नीट सांगता येणार नाही. शास्त्रात, बाबेलच्या बंदिवासातून मायदेशी परत आलेल्या लोकांचं मंदिराचं काम मध्येच थांबलं, तेव्हा शेजारच्यांनी अडवलं होतं, राजाला कागद लिहिले होते. आम्हाला कोणी अडवलं नाही हो. आम्ही रविवारी मोठ्या हिंदी चर्चला जायला लागलो, तिथं पंखे होते. मग कोणी विजय नगरात घर बांधायला काढलं, कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, आम्ही आमचा वरचा मजला चढवला आणि मुलाच्या हौसेखातर त्याला फॉल सीलिंगही केलं. त्या परतलेल्या लोकांनाही संदेष्ट्यानं हेच ऐकवलं होतं की तुमची घरं सजली आणि देवाचं घर ओसाड पडलंय. हे मी भगिनी मंडळात दोन वेळा शिकवलं. शिकवून घरी यायचे आणि त्या मेजावर पोळ्या लाटायचे.

चार वर्षांपूर्वी यजमान गेले. शेवटची दोन वर्षं ते दिवसभर त्या मेजाच्या डाव्या टोकाशी खुर्ची लावून बसायचे. तिथंच पेपर, तिथंच गोळ्या, तिथंच संध्याकाळची प्रार्थना. ते गेल्यावर ती खुर्ची मी हलू दिली नाही.

गेल्या वर्षी हिंदी चर्चला नवे पाळक आले. तरुण आहेत, त्यांची आजी मराठी होती. त्यांनी काय मनावर घेतलं कोण जाणे, म्हणाले गढ्यातलं देऊळ उघडायचं, महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी उपासना करायची. त्यांच्या मागे लागले आमचे दादा. दादा म्हणजे मंडळीतले सगळ्यांत वयस्क, यजमानांचे मित्र, पूर्वी घंटा वाजवायचे ते. अर्ध्या देवळावर पत्रे चढले आणि दोघं सामान गोळा करायला घरोघरी निघाले.

आमच्याकडे आले. सलाम झाला, चहा झाला. दादांनी सरळच विचारलं, "वहिनी, मेज कधी पाठवता?"

मी म्हटलं, अजून फरशी नाही, अर्धं छत नाही, एवढी घाई काहून करून राहिलात. दादा म्हणाले की छत येईल तेव्हा येईल, आधी मेज. मला ते उत्तर आवडलं नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "ते जुनं झालं हो दादा. मी नवं करून देते. यांच्या आठवणीनं. सागवानाचंच."

पाळक खूश झाले. आंटीजी, ये तो बड़ी अच्छी बात है, म्हणाले. दादांनी कप खाली ठेवला, मेजाच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, नवं चांगलंच असेल. बस एवढंच. दोघं गेले आणि मी दुसऱ्याच दिवशी सुताराला माप दिलं. मनात म्हणत होते, मागितलं त्यापेक्षा मी जास्तच देते आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं. मला ते मेज सोडवत नव्हतं.

पाळकांनी मला आणखी एक काम सांगितलं होतं. पहिल्या उपासनेनंतर बायकांशी मी बोलायचं, विषय बंदिवानांचं परत येणं. म्हणून रोज दुपारी जेवणानंतर मी त्याच मेजाशी बसून तो भाग मोठ्यानं वाचायचे. सून समोर भाजी निवडत ऐकायची. ती कटनीची, माहेरचं सगळं हिंदी. मराठी तिला पूर्ण कळते, पण बोलायची वेळ आली की हिंदीत पळते.

वाचता वाचता मी तिला समजावत होते. पाहा, हे लोक परत आले तेव्हा मंदिराचा पायाही घातलेला नव्हता. आजूबाजूच्या लोकांची भीती होती. तरी त्यांनी आधी वेदी उभी केली, जुन्या जागेवर, आणि उघड्यावर उपासना सुरू केली. भिंती मग. हे वाचताना दादा आठवले आणि मी पान उलटून मागे गेले, म्हटलं दुसरं काही वाचू. तर तिथं भांड्यांची गोष्ट. मंदिर लुटलं तेव्हा बाबेलच्या राजानं तिथली सोन्यारुप्याची भांडी नेली होती. पुढे पारसाच्या, म्हणजे इराणच्या, राजानं या लोकांना सोडलं, तेव्हा ती सगळी भांडी मोजून त्यांच्या हवाली केली.

सुनेनं विचारलं, "मम्मी, इतने साल वो बर्तन थे कहाँ?"

मी सांगितलं की तिथल्या देवाच्या भांडारात होती. मधल्या एका राजानं मेजवानीत ती काढून त्यांतून दारू प्यायली, तेव्हा भिंतीवर हात उमटला आणि लिहायला लागला. हे सांगता सांगता माझी नजर आमच्या भिंतीवर गेली. भिंतीवर दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर होतं, आणि भिंतीला टेकून ते मेज.

मला पुढचं वाचवेना. मी म्हटलं, जरा हे मेज ओढ. तिला वाटलं काही खाली पडलं. मी म्हटलं, काही नाही पडलं, ओढ तू. आम्ही दोघींनी मिळून ते पुढे घेतलं, वळवलं. तिनं पदरानं धूळ पुसली आणि एक एक अक्षर वाचलं. आठ वर्षं झाली तिला या घरात येऊन, पण भिंतीकडची बाजू तिनं कधी पाहिलीच नव्हती. ती समजत होती की सासऱ्यांनी हे फॅक्टरीच्या लिलावातून आणलं.

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाली, "मम्मी, इस पर तो मैंने मछली साफ की है।"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मग सगळं सांगितलं तिला, वाळवीपासून नव्या मेजाच्या मापापर्यंत. म्हटलं, तुझे सासरे इथं बसायचे, हे मी कसं देऊ. ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, "पर पापा तो हर नए साल पर पूछते थे कि ये कब जाएगा। मैं समझती थी बेचना चाहते हैं।"

अगदी खरं होतं ते. दर नव्या वर्षाच्या दिवशी, प्रार्थना झाली की ते विचारायचे, मेज कधी जायचं परत? आणि मी म्हणायचे, छत होऊ द्या. त्यांच्या आठवणीसाठी मी जे धरून बसले होते, ते त्यांना कधीच नको होतं. त्यांनी ते नुसतं सांभाळायला आणलं होतं आणि दर वर्षी परत द्यायची आठवण करत राहिले. त्या पारसाच्या राजाला आपला देव माहीतसुद्धा नव्हता, तरी त्यानं दुसऱ्याच्या देवळातलं सामान मोजून परत केलं. आणि मी मंडळीतली बाई, नवं देते म्हणून जुनं दाबून बसले होते.

सून उठता उठता मराठीत म्हणाली, आणि हे ती क्वचितच करते, "आई, नवीन आपण ठेवू. हे त्यांचं आहे."

मी तिथंच दादांना फोन लावला. म्हटलं, मेज येतंय, जुनंच येतंय. दादा म्हणाले, "बरं झालं वहिनी. सुताराला मी म्हणूनच आठ दिवस थांबवून ठेवला होता." म्हणजे माझं माप गेलं त्याच दिवशी म्हाताऱ्यानं जाऊन सांगितलं होतं की लाकूड कापू नकोस, ही बाई शास्त्र वाचते, आपोआप ताळ्यावर येईल.

शनिवारी लोडिंग ऑटोतून मेज गेलं. सून त्याच्याबरोबर मागे बसली, एका हातानं त्याला धरून. अक्षरं रस्त्याच्या बाजूला होती, गढ्याच्या बाजारातून सगळ्यांना वाचता येतील अशी.

देवळात जुन्या जमिनीवर चार खड्डे होते, त्याच्या पायांचे. अलगद बसलं. दुसऱ्या दिवशी उपासना. अर्ध्यावर पत्रे, अर्ध्यावर आभाळ, कोपऱ्यात विटांचा ढीग. बाकं परत आली होती, त्यातली दोन कोणीतरी निळी रंगवली होती. पेटीचे दोन सूर गेले होते. तरुण पोरं गिटार घेऊन आली होती आणि मराठी गीताचे शब्द मोबाइलवर पाहून म्हणत होती, जोरात, टाळ्या वाजवत. दादा घंटेपाशी उभे राहून रडत होते. मला दिसत होतं ते काय करून राहिले होते ते, एकेका बाकावर कोण बसायचं ते आठवत होते. मंदिराचा पाया घातला तेव्हाही असंच झालं होतं. पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे रडत होते, बाकीचे आनंदानं ओरडत होते, आणि लांबून ऐकणाऱ्याला रडणं कोणतं आणि हर्ष कोणता ते कळत नव्हतं. तिथं कोणी कोणाला गप्प केलं नाही, हे मी पुष्कळ वेळा वाचलं होतं. त्या दिवशी टाळ्यांना नाक मुरडायची माझी पूर्ण तयारी होती, खोटं कशाला सांगू. पण दादांच्या रडण्याला टाळ्यांनी बाध येत नव्हता आणि टाळ्यांना रडण्यानं. दोन्ही एकाच छपराखाली मावलं, तेही अर्ध्या.

शास्त्रवाचन मराठीत झालं, मग पाळकांनी हिंदीत समजावलं. पूर्वी मीच भांडायचे की मराठी उपासनेत हिंदी नको. पण परत आलेल्या त्या लोकांतही नियमशास्त्र वाचताना अर्थ समजावून सांगणारी माणसं उभी होती, तेव्हा कुठं लोकांना कळलं आणि ते आनंदानं जेवायला गेले. आमच्या नातवंडांना कळलं नाही तर मी मराठी कोणासाठी सांभाळते आहे?

प्रभूभोजनाला मी पुढे गेले आणि बारा वर्षांनी त्या मेजाच्या अक्षरांच्या बाजूला उभी राहिले. भाकर हातात घेतली. घास अडकला नाही.

घरी आलो तर पुढची खोली ही एवढी मोठी दिसत होती. मी यजमानांची खुर्ची खिडकीशी लावून दिली, तिथं उजेड चांगला येतो. सुताराचं मेज यायला अजून तीन आठवडे होते. चटई टाकली, सुनेनं ताटं वाढली, माझे गुडघे कुरकुरले. मी दमले होते, म्हणून मुलाला म्हटलं, आज तू प्रार्थना कर. एरवी तो हिंदीत करतो. त्या दिवशी त्यानं मराठीत केली, तीन वाक्यं, तेवढीच त्याच्याजवळ होती. आमेन झाल्यावर मी त्या तीन वाक्यांवर बोलायला लागले, आणि वरण गार झालं तरी माझं संपलं नव्हतं.