पिवळ्या खडूची रेघ

पडदा उघडतो तो रॉचडेलमधल्या एका कामगार क्लबाच्या मागच्या खोलीवर. साल दोन हजार दहा, मंगळवारची संध्याकाळ. डावीकडे डार्ट्सची चकती, उजवीकडे डॉमिनोजची टेबलं, मधल्या भिंतीवर काळा फळा आणि फळ्यासमोर खडू घेऊन उभा असलेला क्लबचा कारभारी एरिक. प्रेक्षक आठ-दहा, प्रत्येकाच्या हातात बिअर. फळ्यावर तीन रकाने आहेत. पहिले दोन जुने, डार्ट्सचा आणि डॉमिनोजचा. तिसरा व्हिडिओ गेमचा. तो ट्रेव्हर ऑग्डेनने समितीशी भांडून मिळवला होता आणि तीन वर्षं त्यात सगळ्यात वर त्याचंच नाव होतं.

ट्रेव्हर बेकरीत कामाला. पहाटे भट्टीवर जायचा, दुपारी परत यायचा आणि बूट काढायच्या आत टीव्हीला जोडलेला खेळाचा कन्सोल सुरू करायचा. खेळापेक्षा त्याला वेड होतं अचीव्हमेंटचं. ठरलेली करामत केली की टीव्हीच्या तळाशी टिंग करून एक पट्टी उमटते आणि नावावर गुण चढतात. त्या एका आवाजासाठी बावन्न वर्षांचा हा गडी हाताला लागेल ते डाउनलोड करायचा. अगदी लहान मुलांसाठी केलेला डुकराच्या पिलाचा खेळसुद्धा, कारण त्यात दहा मिनिटांत भरपूर गुण मिळायचे. असे दोनशे चौदा खेळ त्याच्या यादीत होते. पुरे झालेले चार.

आणि मग रंगमंचावर पॉलीन व्हिटवर्थ आली.

पॉलीन शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. खुब्याचा सांधा बदलल्यावर ती नोकरी सुटली. घरात बसून जीव उबगला म्हणून बहिणीने तिला कन्सोल आणून दिला. ती छोटे छोटे खेळ घ्यायची, तेही एका वेळी एकच. त्यातली शेवटची अचीव्हमेंट मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची नाही. एकतीस खेळ, एकतीसच्या एकतीस पूर्ण. गुण ट्रेव्हरच्या निम्मेदेखील नव्हते. पण एरिक नीटनेटकेपणाचा भोक्ता. त्याने तिच्या नावाखाली पिवळ्या खडूने रेघ मारली. रेघ म्हणजे हिचं काहीही अर्धवट नाही.

झालं. येणारा-जाणारा आधी ती रेघ बघायचा आणि मग ट्रेव्हरचा आकडा, तोही जाता जाता. ट्रेव्हर बसल्या जागेवरून कोणाची नजर कुठे जाते ते मोजायचा. घरी जेवण झालं की पॉलीनची यादी उघडायचा. ओळखीच्यांच्या याद्या एकमेकांना दिसतातच. वरून खाली, खालून वर जायचा. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी त्याची नजर त्या यादीत भोक शोधायची. भोक नसायचं.

मग एके दिवशी नशीब त्याच्याकडे वळलं. पॉलीनच्या यादीतल्या मधमाश्यांच्या खेळाला पुरवणी निघाली. नव्या जागा, नवी फुलं, बारा नव्या अचीव्हमेंट. ज्यांनी तो खेळ पूर्ण केला होता त्यांचा तो झोपेतच पुन्हा अपुरा झाला. एरिक नियमाला पक्का. त्याने अंगठ्याने पिवळी रेघ पुसली आणि अंगठा पँटला पुसला. त्या संध्याकाळी ट्रेव्हरने सगळ्यांना पाजली. कशाबद्दल, ते विचारल्यावर म्हणाला, सहज.

पॉलीन कामाला लागली. तीन आठवड्यांत बारापैकी अकरा मिळवल्या. बारावीचं नाव होतं 'लागण'. ती मेहनतीने मिळत नाही, सर्दीसारखी मिळते. ज्याच्याकडे ती आधीपासून आहे त्याला समोरासमोर हरवायचं, तरच. इंटरनेटवर परक्या माणसांशी खेळायचा प्रयत्न पॉलीनने एकदा केला, तेव्हा कानातल्या यंत्रातून एकाने तिला अशा शिव्या घातल्या की तिने ते यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. क्लबात 'लागण' फक्त ट्रेव्हरकडे होती. कॅनडातल्या कोणा माणसाकडून त्याला ती योगायोगाने लागली होती.

तिने एरिककरवी विचारलं. ट्रेव्हर म्हणाला, खेळायचा रिमोट बिघडलाय. पुढच्या आठवड्यात त्याचा खांदा दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात बेकरीत फार काम होतं. त्याची बायको ग्लेनिस हे सगळं ऐकत होती. कपडे घड्या घालता घालता ती एवढंच म्हणाली, "जगात लोक सर्दी दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. माझ्या नवऱ्याने कपाटात जपून ठेवलीय."

आणि तिनेच पॉलीनला शनिवारी दुपारी चहाला बोलावलं.

पॉलीन काठी टेकत आली. काखेत कंबरेसाठी उशी, पिशवीत स्वतःचा रिमोट, तिचं खातं असलेलं मेमरी कार्ड आणि घरी केलेलं पार्किन, म्हणजे आल्याचा केक. सोफ्यावर दोघं शेजारी बसले. ट्रेव्हरने मनाशी ठरवलं होतं, खेळायचं सचोटीनं आणि हरायचं नाही. पहिली फेरी तो जिंकला. दुसरी, तिसरीही. सातव्या फेरीला त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. अंगठ्याचा सांधा लिंबाएवढा सुजलेला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. मांडीवर शाळेची वही, आणि वहीत प्रत्येक फुलाची जागा, प्रत्येक वळण पेन्सिलीने काढलेलं. एकेका कोपऱ्यासमोर आडव्या-उभ्या रेघा, कितीदा सराव केला त्याच्या. या अंगठ्याने हिने एकतीस खेळ पुरे केले. ट्रेव्हरला दया यायला हवी होती. उलट मत्सराची आणखी एक कळ आली. एवढा धीर आपल्यात कधी नव्हता.

दहाव्या फेरीला त्याने आपली मधमाशी मुद्दाम एका फुलावर जरा जास्त वेळ बसू दिली.

पॉलीनने रिमोट खाली ठेवला. "असं नको करूस, ट्रेव्हर. ती यादी रोज सकाळी मला बघायची असते."

त्याचे कान लाल झाले. मग तो मनापासून खेळला. अकरावी जिंकला, बारावीही जिंकला. पॉलीनने अंगठा चोळला आणि म्हणाली, बास, हे आपल्याच्याने होणार नाही. रडवेली नव्हती. चहा प्यायली. मग वहीची मागची पानं उलटून त्याच्यापुढे धरली. तिथे साठ-सत्तर खेळांची नावं होती, सगळी ट्रेव्हरच्या यादीतली.

हे काय म्हणून त्याने विचारलं.

"मला खेळावेसे वाटलेले," ती म्हणाली. "पण सुरू केला आणि पुरा झाला नाही तर? एक जरी अचीव्हमेंट पडली की ती ओळ कायमची यादीत राहते, पुसता येत नाही. म्हणून हातच लावला नाही. तुझी यादी बघायचे आणि जळायचे. हा माणूस बघेल त्या दारातून आत शिरतो, कंटाळला की निघून येतो, आणि याला काही होत नाही."

ट्रेव्हर पार्किनचा तुकडा हातात धरून बसून राहिला. आपल्यावर कोणी जळतंय, ही बातमी त्याला नवी होती, आणि कुठे ठेवावी ते कळेना.

"त्या मोटारींचा लाव ना," पॉलीन म्हणाली. "तो जुनाच."

पहिल्या वळणावरच तुझ्या यादीत ओळ पडेल, मग ती जायची नाही, असं त्याने बजावलं. ठाऊक आहे म्हणाली. त्याने लावला. पॉलीनची गाडी सुटली ती सरळ कठड्यावर. टिंग. पहिला अपघात केल्याची अचीव्हमेंट. ती हसली. पुन्हा निघाली, गवताच्या गंज्यांमधून आरपार गेली, उलट्या दिशेने धावली, समोरून येणाऱ्यांना धडकली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ग्लेनिस स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तीही हसायला लागली. तासभर हे चाललं. पॉलीनने गुण किती झाले ते एकदाही पाहिलं नाही.

ट्रेव्हर बघत होता. हाच खेळ त्याने पूर्वी तीन दिवस खेळला होता, डाव्या कोपऱ्यातल्या आकड्यावर डोळे लावून. त्या गवताच्या गंज्या तिथे आहेत हे त्याला आज कळत होतं. पुसलेल्या पिवळ्या रेघेने त्याला जेवढा आनंद दिला होता तो सगळा कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जुनीच आग पुन्हा पेटली, पहिल्यापेक्षा मोठी. तो सोफ्यावर पुढे सरकला, मागे सरकला, घसा साफ केला. शेवटी राहवेना तेव्हा त्याने हात पुढे केला.

"आता माझी पाळी, पॉलीन. मघापासून एकटी तूच खेळतेयस."