चार नंबरचा फुलबॅक

जळगावात मेहरूणच्या बाजूला डोळ्यांचा एक दवाखाना आहे. तिथल्या लोखंडी बाकावर मी एकदा दोन तास बसून होते, आणि तेवढे लांब दोन तास मी दुसरीकडे कुठे काढल्याचं मला आठवत नाही. शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा, डोळ्यांत थेंब घातलेले, मान मागे टाकलेली. तो माझ्या नात्याचा नव्हता, गावचाही नव्हता. आमच्या कॉलनीच्या हॉकी संघात तो फुलबॅक खेळायचा आणि मैदानावर माईक माझ्याकडे असायचा, एवढाच संबंध. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं आणि म्हणाल्या, "नंबर आहे. बाकी काही नाही."

मला एकदम तहान लागली. त्यांच्या टेबलावर त्यांच्याचसाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास मी न विचारता उचलला आणि संपवला. डोळ्यांच्या डॉक्टरांना अशी माणसं रोज भेटत असावीत.

आता पहिल्यापासून सांगते.

मी दीपनगरला राहते. भुसावळजवळची विजेच्या कारखान्याची ही वसाहत. मिस्टर कारखान्यात आणि मी शाळेच्या ऑफिसात कारकून. कॉलेजात असताना मी हॉकी खेळले होते. लग्नानंतर स्टिक माळ्यावर गेली, पण कॉलनीच्या मैदानावर सामने सुरू झाले तेव्हा कुणाला तरी आठवलं की या बाईला खेळातलं कळतं आणि हिचा आवाजही खणखणीत आहे. तेव्हापासून माईक माझ्या हातात आला. मैदान मुरमाचं. उन्हाळ्यात चेंडू गेला की मागे धुळीची रेघ उठायची. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यांवर पहिली पाळी संपवून आलेली माणसं, आणि पहिल्या पायरीवर ठरलेल्या जागी आबा. आबा बॉयलरवरून निवृत्त झालेले. शेजारच्या खेड्यातून सायकलवर यायचे. सामना सकाळचा असो की संध्याकाळचा, आबा नाहीत असं कधी व्हायचं नाही.

हा मुलगा दोंडाईचाकडचा. आयटीआय करायला मामाकडे आमच्या कॉलनीत आला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. उंच, हाडापेराने मोठा, बोलायला अगदी कमी. त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं त्या दिवशी समोरच्या संघाला ओळीने चार पेनल्टी कॉर्नर मिळाले. चारही वेळा हा गोलरेषेवरून सुटला तो थेट मारणाऱ्याच्या अंगावर. एक चेंडू नडगीवर घेतला, दोन स्टिकने काढले, आणि चौथा त्याने असा काही थांबवला की मारणाराच दोन पावलं मागे सरला. मी माईकवर बोलून गेले, "दीपनगरला भिंत मिळाली, मंडळी."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पोराचं नाव भिंत पडलं. पुढच्या सामन्याला पायऱ्यांवर बसायला जागा उरली नाही. आबांनी त्याच्यासाठी घरच्या म्हशीचं दूध बाटलीत भरून आणायला सुरुवात केली. शाळेतली पोरं पाठीवर खडूने चार आकडा काढून घ्यायची, कारण त्याच्या बनियनवर चार होता. राज्याच्या संघात जाणार, मग पुढे कुठे जाणार, हे पायऱ्यांवर बसल्या बसल्या ठरायचं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं.

आधी लांबचे पास सुटायला लागले. मैदानाच्या पलीकडून चेंडू उंच आला की हा जागेवर उभाच, आणि चेंडू शेजारून निघून गेला की मग वळायचा. संध्याकाळच्या सामन्यांत तर फारच. एकदा त्याने चेंडू सरळ समोरच्या फॉरवर्डच्या हातात दिल्यासारखा दिला. आमचा बनियन पिवळा, त्यांचा पांढरा. त्या उतरत्या उन्हात आम्हाला दोन्ही स्पष्ट दिसत होते.

लोकांनी पहिले दोन-तीन सामने सांभाळून घेतलं. वय आहे, थकला असेल, मामीच्या हातचं मानवत नसेल. मग सूर बदलला. मोबाइल फार बघतो. कुठल्या तरी पोरीचं आहे. पैसे घेऊन सोडतो, असंही एकजण म्हणाला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. आबा म्हणाले, "पोऱ्याच्या डोक्यात हवा गेली. आपणच भरली." दूध बंद झालं.

माझं सांगायचं तर मी त्याहून वाईट वागले. एका सामन्यात त्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू गेला आणि गोल झाला. मी माईकवर म्हणाले, "भिंतीला भगदाड पडलं वाटतं." सगळ्या पायऱ्या हसल्या. इतकं हसू मला माईकवर कधी मिळालं नव्हतं. त्याने मान वर करून माझ्या टेबलाकडे पाहिलं. तो नेमका माझ्याकडे पाहतोय की नुसता आवाजाच्या दिशेने, हे मला कळलं नाही. पण त्यानंतर मी त्याचं नाव घेणंच टाळायला लागले. चेंडू त्याच्याकडे गेला की "बचाव फळीकडे चेंडू" एवढं म्हणायचे.

मग धुळ्याचा सामना आला. संघ आदल्या दिवशीच गेला होता. याची आयटीआयची परीक्षा होती, म्हणून तो एकटा मागून जाणार होता. मला शाळेच्या कागदपत्रांसाठी जळगावला काम होतं. ते सकाळी लवकर आटोपलं, म्हणून मीही धुळ्याला जायला बस स्टँडवर आले. बघते तर हा तिथे, खांद्यावर किटची पिशवी, स्टिक उभी धरलेली.

मी लगेच हाक मारली नाही. खरं म्हणजे तोंड चुकवावं असंच मनात होतं. लांबून बघत राहिले. एक गाडी फलाटाला लागली की हा पुढे जायचा, अगदी काचेशी जाऊन वर बघायचा आणि परत यायचा. तेवढ्यात पलीकडच्या फलाटाला धुळ्याची गाडी लागली. पाटीवर धुळे एवढं मोठं लिहिलेलं की मला चष्म्याशिवाय वाचता आलं असतं. हा तिच्याकडे तोंड करून उभा. गाडी भरली, सुटली, गेली. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरी लागली. तीही गेली.

मी जवळ गेले. "काय रे, धुळ्याला नाही जायचं?"

आवाजावरून त्याने मला ओळखलं. "जायचंय ना, अक्का. गाडीच नाही अजून."

"दोन गेल्या. तुझ्या तोंडासमोरून."

मी पलीकडच्या फलाटाकडे बोट केलं. "ती कुठली गाडी आहे, वाच बरं."

त्याने डोळे बारीक केले. मग खाली बघितलं. स्टिकच्या मुठीवरची पट्टी नखाने उचकटत बसला. मग त्याच्या गावाकडच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला, "माले लांबनं दिखत नई, अक्का."

"कधीपासून?"

"वरीस झालं."

वर्षभराचे सगळे सामने एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. मी म्हटलं, "मग सांगायचं नाही का कुणाला? डॉक्टरला दाखवायचं नाही?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या आज्याचे डोळे असेच गेले होते. आधी लांबचं दिसेना, मग जवळचं, आणि चाळिशीच्या आत दोन्ही डोळे गेले. मरेपर्यंत आज्याला हात धरून वावरात न्यायचं काम याच्याकडे होतं. "दाखवलं असतं तर तेच सांगितलं असतं त्यांनी," तो म्हणाला. "न दाखवता जेवढं खेळून होईल तेवढं खेळायचं ठरवलं. वर्गात पहिल्या बाकावर बसतो, म्हणून तिथं कुणाला कळत नाही."

पायऱ्यांवर आम्ही त्याच्याबद्दल काय काय बोललो होतो, ते सगळं त्याच्या कानावर गेलंच असणार. त्यातलं एकही त्याने काढलं नाही.

धुळ्याची तिसरी गाडी लागली. मी त्याचा दंड धरला आणि रिक्षा केली. प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं की तो येऊ शकत नाही, कारण मागून सांगते.

रिक्षात तो एकदाच बोलला. "आईला नका सांगू आत्ता."

आणि मग ते दोन तास. आधी अक्षरांचा तक्ता, त्यात वरच्या दोन ओळींच्या पुढे त्याची गाडी सरकली नाही. मग थेंब, मग वाट बघणं, मग पुन्हा थेंब. मी देवाला काही कबूल केलं नाही, तो माझा स्वभाव नाही, पण समोरच्या कॅलेंडरवरच्या एकादश्या मी दोनदा मोजल्या.

डॉक्टरीणबाईंनी नंबर सांगितल्यावर तो म्हणाला, "आज्यासारखं नाही ना?"

"आजोबांना काय झालं होतं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुझे पडदे मी नीट बघितले. स्वच्छ आहेत. वाढीच्या वयात नंबर वाढतो, तसा वाढलाय. चष्मा लाव, आणि घरात तसा इतिहास आहे म्हणून वर्षातून एकदा दाखवत जा."

"खेळू शकतो?"

"चष्म्याला मागून पट्टा लावून घे. खेळ की."

बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि रडला. थेंबांमुळे डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे आल्यागेल्याला काही वाटलं नाही. मी शेजारी बसून राहिले. मग त्यानेच आईला फोन लावला आणि तिला सगळं सांगितलं. तिचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"नुसता चष्माच शे ना?"

"हां."

"आखो काही नई ना?" आणखी काही नाही ना, असं ती विचारत होती.

"नई."

मग तो जेवला का, हे तिने विचारलं. "जेवना का तू?"

आम्ही समोरच्या खानावळीत शेवभाजी खाल्ली. थेंबांमुळे त्याला ताटातलं अजून धूसर दिसत होतं, म्हणून भाकरी मी मोडून दिली. चार भाकरी खाल्ल्या त्याने. वर्षभराची भूक असावी.

धुळ्याचा सामना आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर तोच विषय. "पळाला," आबा म्हणाले. "मोठ्या सामन्याच्या वेळी बरोबर पळाला."

मी माईक बंद केला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसले. मुलाला विचारून आले होते, सांगू का म्हणून. सगळं सांगितलं. आज्याचंही.

आबा मैदानाकडे बघत राहिले. "काय सांगू राह्यली तू," एवढंच म्हणाले. मग, "मंग त्यानं सांगायचं ना आपल्याले."

"आपण विचारलं होतं का, आबा? मी तर टिंगल केली."

"म्या बी पहिल्या पायरीवर बसून केली," आबा म्हणाले आणि उठून सायकलकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते मामाच्या क्वार्टरवर गेले होते, असं मला नंतर कळलं. पोराशी काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही.

चष्मा आला म्हणून पहिल्याच सामन्यात चमत्कार झाला, असं काही नाही. पहिला आठवडा त्याचं डोकं दुखायचं. जमीन तिरकी दिसते म्हणायचा. पट्टा घामाने घसरायचा. एका सामन्यात काचेवर धूळ बसली आणि त्याने पुन्हा एक सोपा चेंडू सोडला. पायऱ्यांवरून शिट्टी आली. सगळ्यांना कारण कळलं होतं, तरी काहींचा गेलेला विश्वास परत आला नाही. त्यांनी तोवर गोलकीपरला डोक्यावर घेतलं होतं.

मी त्याला एकदा शाळेच्या गेटपाशी गाठलं आणि माफी मागितली. तो फार अवघडला. "राहू द्या अक्का," म्हणाला. मग, "माईकवर माझं खरं नाव घेत जा फक्त." त्या दिवसापासून मी त्याचं नाव घेते. चेंडू अडवला तर अडवला, सुटला तर सुटला, असं साधं सांगते. माझ्या समालोचनात पूर्वीची मजा राहिली नाही, असं मिस्टर म्हणतात.

तो राज्याच्या संघात गेला नाही. निवड चाचणीला गेला होता, दुसऱ्या फेरीत बाहेर पडला. परत आला तेव्हा मी त्याचं तोंड बघायला घाबरत होते. पण तो भुसावळ स्टेशनवर केळीचे वेफर्स घेऊन त्याच्या मित्रांना वाटत उभा होता. "माझ्यापेक्षा चांगले होते," म्हणाला. "दिसलं ना मला." एवढं हलकं बोलताना मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. संघात तो अजून आहे. चांगला, भरवशाचा फुलबॅक. कॉलनीला तेवढा पुरतो.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी दोंडाईचाला गेले होते. परतीच्या गाडीच्या वेळी त्याची आई स्टेशनवर आली. हातात लाल मिरच्यांची पिशवी, सोबत दहा वर्षांची मुलगी. पोरगी या मुलाची धाकटी बहीण. तिच्याही नाकावर चष्मा, गुलाबी काड्यांचा, नवाकोरा.

"भाऊनी सांगं, बठ्ठास्ना डोया दाखाडा," आई म्हणाली. भावाने सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायला लावले होते. आईचे चांगले निघाले. या पोरीला नंबर निघाला. शाळेत तिला मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर बसवत होते.

"आता कुठे बसतेस?" मी विचारलं.

"शेवटीच," ती म्हणाली. "मैत्रिणी तिथंच आहेत."

गाडी आली. आईने पिशवी खिडकीतून आत दिली आणि बजावलं की दोन उन्हं दाखवल्याशिवाय मिरच्या दळायला देऊ नका.