खुंटीवरचा पट्टा

हे लिहू की नको, यातच आठ महिने गेले. कारण आमच्या घरात भूत-बीत चालत नाही. आम्ही बौद्ध, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले. जिन्यावर कुणाला 'काहीतरी' दिसलं की बाबा टॉर्च घेऊन मला तिथेच नेऊन उभं करायचे. "बघ नीट. काय आहे?" दर वेळी उंदीर असायचा, नाहीतर शेजारचे काका चोरून बिडी ओढत बसलेले. त्यामुळे मी घाबरट नाही, आणि कहाण्या रचणारी तर नाहीच. तरीही...

मी हाताने अक्षरं काढते. दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची कव्हरं - त्यावरच माझं पोट आहे. शिशाचे एकेका अक्षराचे खिळे जुळवून कसं छापतात ते शिकायची फार इच्छा होती, म्हणून गिरगावातल्या एका जुन्या छापखान्यात तीन महिने इंटर्न म्हणून लागले. तळमजल्यावरची एकच लांबट खोली. मालक ऑर्डरींच्या मागे बाहेर, आत आम्ही दोघंच - मी आणि तात्या. तात्या तिथले जुने कारागीर, लालबागचे, मूळ मालवणकडचे, सत्तरी ओलांडलेले. तोंडाने फटकळ, पण खिळे हाताळताना बघत राहावं इतके हळुवार.

महिनाभर नुसते खिळे जुळवून घेतल्यावर त्यांनी मला ट्रेडल मशीनवर उभं केलं. ही मशीन म्हणजे एक लोखंडी जबडा समजा. तो उघडला की उजव्या हाताने कोरा कागद ठेवायचा, डाव्याने छापलेला काढायचा, आणि मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. बाजूला कमरेएवढं जड चाक, आणि मोटरवरून त्या चाकाला आलेला चामड्याचा पट्टा. संध्याकाळी काम संपलं की तात्या तो पट्टा उतरवून, नीट गुंडाळून भिंतीवरच्या खुंटीला लावायचे. रात्रभर ताणलेला राहिला तर सैल पडतो म्हणे.

तात्यांचा नियम एकच. "कागद वाकडो गेलो तर जांव दे. कागद दुसरो मिळतलो, बोट मिळाचा नाय."

मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. मी लग्नपत्रिका छापत होते. तात्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून कागद कापत होते. मला लय सापडली होती, आणि लय सापडली की माणूस शेफारतो. एक पत्रिका तिरकी बसली. आता आम्हा डिझाइनवाल्यांची खोडच ही - तिरकं दिसलं की बोट आपोआप पुढे जातं. उजवा हात मनगटापर्यंत आत गेला.

जबडा मिटताना मला दिसत होता. हात काढायला हवा हेही कळत होतं, पण हात हलेना. मनात एकच आलं - संपलं, आता पुन्हा अक्षर काढता येणार नाही.

आणि मशीन थांबली. बोटांपासून दोन इंचांवर... धक्का नाही, आवाज नाही. मागे मोटर मात्र गरगरत होती.

मी हात बाहेर काढला आणि मग किंचाळले. तात्या धावत आले. "हात दाखव गो! आधी हात दाखव!" एकेक बोट दाबून पाहिलं, मला दोन सणसणीत शिव्या घातल्या आणि स्टुलावर बसून राहिले. मी रडत होते आणि हसतही होते. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग आमचं चाकाकडे लक्ष गेलं. चाकावर पट्टा नव्हता. तुटून खाली पडलेलाही नव्हता. नीट गुंडाळून खुंटीला लावलेला होता.

"तात्या, तुम्ही लावलात?"

"मी थंय होतंय गो!" तात्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला.

ते खरंच होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि चालत्या मशीनचा पट्टा उतरवून गुंडाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळच मध्ये गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने मशीन रिकामी चालवायला लावली. तात्यांनी काठीने पट्टा सात वेळा पाडला. पट्टा निसटला तरी ते जड चाक फिरतच राहतं - आठ फेऱ्यांच्या आत एकदाही थांबलं नाही. पट्टा सातही वेळा जमिनीवर.

आईला सांगितलं. "देवबिव म्हणू नकोस हां. लक्ष नव्हतं तुझं," एवढंच म्हणाली. मग नळाखाली माझ्या हाताची शाई धूत बसली. शाई निघाली तरी धूत होती.

तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता तात्या म्हणाले, "दिनेश म्हणून एक पोरगो होतो, माझ्याच हाताखाली. ह्याच मशीनीत तीन बोटां गेली त्येची. घाई मीच लावलेली." हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला. "तेव्हा का नाय थांबली गो ही?"

नंतर कधी भेटलात का त्यांना, मी विचारलं. मान हलवून नाही म्हणाले. "कुठल्या तोंडान जांव?"

मालकांकडून पत्ता काढला आणि रविवारी मीच त्यांना ओढत कॉटन ग्रीनला नेलं. दिनेशदादा आता पन्नाशीचे, हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. तात्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता माझा हात धरून पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं - मशीन, पट्टा, खुंटी, आणि त्या वेळची घाईसुद्धा. बोलता बोलता रडायलाच लागले.

दिनेशदादांनी भूत का चमत्कार, काही विचारलं नाही. आपल्या दोन बोटांच्या हाताने माझी बोटं एकेक करून मोजली. "पाच आहेत की! मग रडताय कशाला तात्या? बसा, चहा सांगतो."

मशीन कशी थांबली ते मला आजही माहीत नाही. दिनेशदादांच्या वेळी का थांबली नाही, तेही नाही. बाबांनी स्वतः येऊन टॉर्च मारून खुंटी पाहिली, त्यांनाही काही सापडलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

तात्या मात्र आता रविवारी घरी सापडत नाहीत. फोन केला तर घाईत असतात. "ठेव गो. दिन्या वाट बघता."