कुंकवाखालचं मेण

पद्माक्कांच्या हातात कसलीही डबी दिली की त्या आधी झाकणाचा वास घेत, मग डबीचा, आणि शेवटी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. शाहूपुरीत आमच्या खालच्याच मजल्यावर त्या राहायच्या. मी घरी ओठांचं मलम आणि कुंकवाखाली लावायचं मेण करून विकते. पहिली डबी मोठ्या हौसेनं त्यांनाच नेऊन दिली.

"कशाचं हाय?"

"वनस्पतीचं मेण आहे, अक्का."

"कंच्या वनस्पतीचं? नाव न्हाय व्हय तिला?"

भाताच्या कोंड्याचं, असं सांगितल्यावर त्या हसल्याच. "माज्या माहेरच्या म्हशी जलमभर कोंडा खात्यात. कवा मेण निघालेलं बघितलं न्हाय."

संशयाला कारण होतं. अक्का जैन, मधाला शिवायच्या नाहीत. लग्न झाल्यापासून बाजारचं मेण लावून त्यावर कुंकू रेखत आल्या, आणि ते मेण पोळं उकळून काढतात हे त्यांना फार उशिरा कळलं. "कपाळावर पोळं मिरवलं मी, आन् एका मेल्यानं सांगितलं न्हाय," असं त्या अजूनही चिडून म्हणत. तेव्हापासून नुसत्या खोबरेलावर कुंकू. दुपारपर्यंत ते नाकावर ओघळायचं. मग पदरानं पुसायचं आणि पुन्हा लावायचं, असा त्यांचा दिवस जाई. मला त्यांची कणव यायची आणि रागही यायचा.

माझी डबी त्यांनी खिडकीत उघडी ठेवली. मुंग्या लागल्या तर मधाचं, असा त्यांचा हिशेब. मुंग्या काही फिरकल्या नाहीत. सुटले एकदाची, असं मला वाटलं, तोवर अक्का डबी घेऊन जिना चढून वर आल्या. "मुंगीसुदीक शिवंना. असं काय घातलंयस ह्यात?"

वैतागून मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, समोर मेण वितळवलं, त्यात तेल घातलं, डबी भरली. "तुजं खरं हाय गं," त्या म्हणाल्या. "पर पोतं कुणी भरलं, ते बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. मी ज्याच्याकडून मेण घ्यायचे त्या व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो गोड बोलून विषय बदलू लागला. "एवढं कोण विचारतं, मॅडम?" मग मलाही चैन पडेना. त्याचा सगळा माल मी टाकून दिला. कोंड्याचं तेल काढणाऱ्या कारखान्यात स्वतः गेले, गार केलेल्या तेलातून मेण गाळून निघताना पाहिलं आणि तिथूनच घेऊन आले.

अक्कांना सांगायला गेले, तर त्यांना दवाखान्यात नेलेलं; तशीच तिकडे गेले. पुढच्याच आठवड्यात त्या वारल्या, पण त्या दिवशी चांगल्या शुद्धीवर होत्या. कपाळ तेवढं कोरं दिसत होतं. मी नवी डबी काढली आणि कारखाना, तेल, गाळणी, सगळं घाईघाईनं सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तू बघून आलीस न्हवं?"

"हो, अक्का."

"मग लाव की."

मी मेण लावून वर कुंकू रेखलं, ते जरा वाकडंच लागलं. त्यांनी आरसा मागितला नाही.