वेगात गप्प होणारी मोटारसायकल

उल्हासनगरच्या कॅम्पात आमच्या शेठचा स्टोव्हचा कारखाना होता. लष्कराची रिकामी बराक, वर पत्रे, आत दिवसभर ठोकठोक. फाळणीत कराची सोडून आलेले शेठ स्टोव्ह विकून सुखानं जगले असते. पण एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, आपण मोटारसायकल बनवायची, आणि तीही शर्यतीची.

हे वेड लावलं आमच्या मिस्त्रींच्या इंजिननं. मिस्त्री मोरिवलीचे. लढाईच्या काळात त्यांनी छावणीत गोऱ्यांच्या मोटारसायकली दुरुस्त केल्या होत्या. भंगारातलं एक इंजिन त्यांनी असं काही घडवलं, की ते सुरू झालं की पत्रे थरथरायचे आणि शेजारच्या बायका वाळत घातलेले पापड उचलून घरात पळायच्या. शेठ टाळ्या वाजवायचे.

चालवायला मला निवडलं. मी अंगानं हलका होतो आणि पैजा लावून सायकलनं बदलापूर गाठायचो.

मुंबईचा एक बडा डीलर गाडी बघायला येणार होता. पसंत पडली तर तो डझनभर घेणार, आणि आम्ही मोटारसायकलवाले होणार. नाहीतर मिस्त्री पुन्हा स्टोव्हला बर्नर बसवणार. बदलापूर रस्त्यावरच्या एका उताराखाली शेठनी डीलरला खुर्ची दिली. मागे मिस्त्री उभे. मी टेकाडापलीकडून वेग घेऊन उतार उतरायचा आणि त्यांच्यासमोरून जायचं.

पेट्रोल जपायचं म्हणून गाडी थांबली की टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करायचा, हा मिस्त्रींचा नियम. निघताना तो उघडायला मी विसरलो. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुटली, आणि अशी सुटली की बांधावरचे म्हातारे उठून उभे राहिले. शर्टाचा फुगा झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी मोठमोठ्यानं गात होतो. उताराच्या तोंडाशी इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मी क्लच दाबला आणि तसाच खाली सुटलो. कानांत नुसता वारा. डीलरसमोरून गेलो तो घारीसारखा.

पुढच्या मोरीजवळ थांबलो तेव्हा कॉक दिसला. उघडला, किक मारली आणि खरं सांगायचं ठरवून ढणढणाट करत परतलो.

डीलर खुर्ची सोडून उभा होता. "इतनी तेज, और आवाज बिलकुल नहीं? फिर अब क्यों चिल्ला रही है?"

शेठ क्षणभरही अडखळले नाहीत. "साहेब, हळू चालवली की कुरकुर करती है. खरा वेग घेतला की गप्प." मग माझ्याकडे वळले, "काय रे?"

मी मान डोलावली. मिस्त्री माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना देवच दाखवला होता.

शेठनी डीलरला लगेच जेवायला नेलं. ऑर्डर मिळाली. बराकीत आम्ही पिंपं वाजवून नाचलो, शेठनी सगळ्यांना दाल-पकवान खाऊ घातलं. त्या आनंदात माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गाड्या बनल्या, विकल्याही गेल्या. मग गिऱ्हाइकं गाडी गप्प होण्याची वाट बघत वेग वाढवत राहिली. एकजण तर गवताच्या गंजीत शिरला आणि तिथून बाहेर येऊन म्हणाला, अजून ओरडतेच आहे. डीलरनं पुढच्या गाड्या नाकारल्या. शेठ हसत हसत स्टोव्हकडे परतले.

मिस्त्री मनानं कधीच परतले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते ती पहिली गाडी घेऊन उतारावर जायचे आणि कान देऊन खाली यायचे. मग मला विचारायचे, "लेका, नेमका किती वेगात होतास तू?" मी दरवेळी थोडा वाढवून सांगायचो. "मग पिस्टन अजून हलका करायला हवा," म्हणत ते आनंदानं कामाला लागायचे.

जुने लोक अजूनही म्हणतात, मिस्त्रींना ते एकदाच जमलं, पुन्हा नाही. हे चूक आहे. त्यांचं इंजिन पहिल्या दिवसापासून उत्तम होतं, आणि उत्तम इंजिन जेवढं ओरडतं तेवढं ते ओरडत होतं. कॉक मी उघडला नव्हता.