भूत न मानणाऱ्या घरातलं भूत

दादा गेला तो मंगळवार होता. फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आला. दुकानदाराने बाबांना बोलावलं. बाबांनी ऐकलं, फोन ठेवला आणि घरी येऊन आईला सांगितलं.

शेजाऱ्यांना खात्री पटायला वेळ लागला. दादा प्रत्येक सिनेमाच्या शेवटी मरायचा आणि पुढच्या सिनेमात पुन्हा उठायचा. "या टाइमले पक्का का गा?" असं एकाने मला विचारलंही. वर्तमानपत्राने त्याचा भुताच्या सोंगातला, सुळ्यांसकट फोटो छापला आणि खाली 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं लिहिलं.

आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली. त्या दिवशी बाबांनी देव, भूत, भानामती सगळं एकदमच घराबाहेर काढलं. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की बाबा तिथे भाषण द्यायला जात. अंगातलं उतरे, भाषण संपत नसे. अशा माणसाचा थोरला मुलगा हिरो व्हायला मुंबईला गेला आणि तिथल्या सिनेमावाल्यांनी त्याची उंची आणि खोल गेलेले डोळे बघून त्याला भूत केलं. पहिलं पोस्टर नेमकं विहारासमोरच्या भिंतीवर लागलं. बाबा गिरणीतून लांबच्या रस्त्याने घरी येऊ लागले.

दादाला एकच हवं होतं. बाबांनी आपलं काम एकदा बघावं. घरी आला की तो सिनेमाचा पास आणायचा. बाबा तो शेजाऱ्यांना देऊन टाकायचे.

शेवटी विहाराच्या कमिटीलाच युक्ती सुचली. अंधश्रद्धेवर व्याख्यान, वक्ता दादा, अध्यक्ष बाबा. तेवढी गर्दी आधी कुठल्याही विद्वानाला मिळाली नव्हती. दादा पांढऱ्या सदऱ्यात उभा राहून चांगलं बोलला. लोक कंटाळले.

"हा तं आपलाच पोट्टा होय," पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. "भूत कधी येते वं?"

मग दादाने मेकअपची पेटी उघडली. हा डिंक, हा कापूस, हे दात, असं सांगत तो सगळ्यांसमोर चेहरा चढवू लागला. भूत कसं बनवतात ते दिसलं की भीती जाईल, असा त्याचा हिशेब. कापसापर्यंत लोक हसत होते. दात बसले तशी पहिली रांग उठली. म्हातारीने पदरातून लिंबू काढलं आणि स्वतःवरून उतरवलं.

"लिंबू काहून आणलं?" बाबांनी स्टेजवरून विचारलं.

"भूत येणार म्हून तुमीच तं सांगतलं, भाऊ."

बाबांनी समारोप केला नाही. दादाने तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला. काम कसं वाटलं, हे त्याने विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

फोन आला त्या संध्याकाळी आई म्हणाली, "एकडाव तरी पाहाचं होतं त्याचं काम."

"पाह्यलं," बाबा म्हणाले. "सावनेरच्या टाकीजले जाऊन. इथं लोकायनं मले पाह्यलं असतं."

"कसा होता?"

"बाकीचे नाटक करत होते. थो एकटाच खरा वाटला."

"मंग त्याले काहून नाही सांगतलं?"



दादाला ते कधीच कळलं नाही. आता घरात आम्ही तिघं आहोत. दादाचे सिनेमे अजून कुठे कुठे लागतात.